मोतिया की हस्तिदंती

लोपिनो, त्रिनिदाद
नाताळच्या आधीचा रविवार

आदरणीय ऑर्विलमामांना जेरेलचा नमस्कार.

टोरांटोच्या थंडीत तुमचा गुडघा फार कुरकुरत नसेल अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक, फक्त सोफा अंगणात आहे. बेटाबेटांवरून भटकून माझे हाल झाले तेव्हा तुम्ही मला न रागावता युडोरामावशीकडे धाडलंत, त्याचे उपकार कसे फेडू? (खरं तर मी गयानाला निघालो होतो, तिथे एकाची होडी होती. पण ते राहू दे.)

लेनॉक्सकाका गेल्यावरचा हा पहिला नाताळ. दर वर्षी बैठकीची खोली ते रंगवायचे. यंदा मी रंगवीन, असं सॉरेलचं सरबत पिता पिता कबूल करून बसलो. मावशीने दोन डबे आणवले, मोतिया आणि हस्तिदंती. भिंतीवर दोन पट्टे ओढले. मामा, ओले होते तोवर फरक होता. वाळल्यावर कुठला कुठला ते मलाच कळेना. मावशी म्हणाली, नव्या पडद्यांना जुळेल तो लाव. मी म्हटलं, मग पडदे दाखव. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी टांगेपर्यंत ते कुणाच्या दृष्टीस पडू द्यायचे नसतात, हे तुम्हाला मी काय सांगणार? कापड कपाटात, किल्ली मावशीच्या कमरेला. समोरच्या मिस अर्सुलापासून लपवणं समजू शकतो (ती आठवडाभर रोज साखर मागायला येते आहे), पण रंगाऱ्यापासून? मावशी म्हणाली, तुझं तोंड सैल आहे. (मिस अर्सुला केक खाऊ घालून विचारते, त्याला मी काय करू?)

शेवटी कंटाळून मी म्हटलं, मावशी, दोन्ही छान आहेत, तुला आवडेल तो लावतो. तर ती पायरीवर बसून रडायलाच लागली.

"लेनॉक्स असं मेला तरी म्हणाला नसता," ती म्हणाली. "मी मोतिया म्हटलं की तो हस्तिदंती म्हणायचा. दुपारभर भांडायचा, आणि मग माझाच रंग लावायचा. आता कुणाशी भांडू रे मी?"

मी लगेच भांडायला घेतलं. हस्तिदंतीच हवा, म्हणून ओरडलोसुद्धा. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि केळीच्या पानात उकडलेलं, खिमा भरलेलं गरम पेस्टेल पुढ्यात ठेवलं. असल्या बाईशी कुणी कसं भांडावं? मी दोन खाल्ली.

तुमच्या उपकारांत बुडालेला,
जेरेल

ता. क. नाताळपर्यंत विमानात जागा मिळते का बघा. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, तुम्हाला लहानपणापासूनची सवय आहे.

ता. क. दुसरा. रंगाची काळजी नको, खोली आज सकाळीच रंगवून झाली. मोतिया लावलाय (बहुतेक). तरी तुम्ही दारात पाऊल टाकताच हस्तिदंतीच हवा होता म्हणून आवाज चढवा. बॅग मग खाली ठेवा.