माळ्यावर उभं राहता यावं म्हणून

१२ फेब्रुवारी १९५८
काल सकाळी नेऱ्याला मेहुण्याच्या माळ्यावर जाऊन उभा राहिलो. ताठ. डोक्याला काही लागलं नाही. आमच्या ताम्हिणीच्या माळ्यावर रांगावं लागतं. मेहुण्याच्या छपराचा उतार दोरीनं मोजून आणला. धाकटा भाऊ भैरू वाटणी मागतोय. तीन पोरं, निजायला जागा नाही. माळ्याची खोली झाली की त्याचं तोंड बंद. आईला शब्द दिलाय, माझ्या हयातीत या घरात दुसरी चूल पेटणार नाही.

१४ फेब्रुवारी
प्लॅन तयार. आढं आहे तिथंच ठेवायचं. मागची भिंत साडेतीन फूट वाढवायची. उतार कमी होतो, खाली खोली निघते. व्हर्नाक्युलर फायनलला भूमितीत मी पहिला होतो. इंजिनियर नको.

२० फेब्रुवारी
गेणबा सुतार दोरी बघून म्हणाला, "कुशादादा, नेऱ्याचा उतार आनलास, तितला पाऊस बी बांधून आनलास का?" सगळे हसले. भैरू जास्त. आजपासून रागावर ताबा.

२३ फेब्रुवारी
भैरवनाथाला फूल लावलं. उजवं पडलं तर होकार. डावं पडलं. वारा होता. पुन्हा डावं. तिसऱ्यांदा उजवं. देव घाईनं बोलत नाही.

९ एप्रिल
काम पुरं. फस्कलास. माळ्याच्या फळ्या अशा घट्ट बसवल्यात की मुंगी जाणार नाही. उभं राहून स्तोत्र म्हटलं. भैरूनं भिंतीवरून हात फिरवला. "जागा लई झाली, दादा." वाटणीचं नाव नाही. त्याची बायको रंभा, पोरं, वाकळा, सगळं वर गेलं.

११ एप्रिल
मुंगी जात नाही, धूरही जात नाही. पूर्वी माळ्यातून कौलांबाहेर पडायचा, आता चुलीपाशीच कोंडतो. आमची ही डोळे पुसत म्हणाली, "भावासाठी रडायचं तर तुमी रडा, मला का रडवताय?" एक फळी काढली. आता धूर वर रंभेकडे जातो. धुरानं ढेकूण मरतात, असं भैरूला समजावलं.

२१ जून
माळ्यावर थोडी ओल. कौलं बसायला वेळ लागतो.

२ जुलै
पाणी उतारावरून पळत नाही, रेंगाळतं. वाऱ्यानं उलटं चढून कौलांखालून आत येतं. तीन ठिकाणी. पातेली लावली. उद्यापासून नामस्मरण वाढवायचं.

३ जुलै
अकरा ठिकाणी. पातेली संपली. रंभा थोरल्या दिराशी बोलत नाही, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं हिला म्हणाली, "आक्का, पोरांना वर निजवू का पवाया शिकवू?"

८ जुलै
भैरू बायकोपोरांसह गोठ्यात गेला. गोठ्याचं छप्पर गवताचं, जुनं, उभ्या उताराचं. तात्पुरतं आहे. जेवायला इकडंच येतात.

१९ जुलै
जेवायला येत नाहीत. येताना पोरं भिजतात. रंभा तिथंच तीन दगडांवर भाकरी भाजते. तीन दगड म्हणजे काही चूल नव्हे.

२ ऑगस्ट
ही "पोरांना बघून येते" म्हणून गोठ्यात गेली ती जेवूनच आली. मी माळ्यावर घोंगडी घेऊन पोथी वाचली. पानं चिकटलेली. एका पानासरशी चार अध्याय उलटले. वाचले असं धरलं.

२४ ऑगस्ट
मागच्या भिंतीनं पोट काढलंय. पाऊस सरल्याबिगर हात लावणार न्हाई, असं गेणबा सांगून गेला. संध्याकाळी भैरू येऊन बसला. "दादा, आता वाटणी कर." मी म्हटलं, घरातला कुठला भाग हवा तो माग, थोरला म्हणून अडवणार नाही. माळाही घे. त्यानं वर माळ्याकडं बघितलं.
"घर तुला ऱ्हाऊ दे. मला गोठा दे."

३१ ऑगस्ट, रविवार
आज वाटणीच्या कागदावर सही केली. पंच गोठ्यातच बसले, कागद भिजू नये म्हणून. नव्या चुलीला विस्तव थोरल्या घरचा लागतो. ही म्हणाली, मी नेते. म्हटलं, नको. खापरावर तीन निखारे घेतले, वर इरलं धरलं आणि अंगण ओलांडलं. दोन वाटेत विझले. तिसरा रंभेपुढं ठेवला. तिनं पदर पुढं ओढून फुंकर घातली. पहिल्याच फुंकरीला पेटली.