यंदा दुधी फार झाला

वन्सं,

वाकून नमस्कार. (लिहिण्यापुरताच वाकले आहे; कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुमच्या गुडघ्यांना आता उतार असेल, आणि भावोजी डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं निदान दारापर्यंत तरी करत असतील. मी ठीक आहे. ह्यांचा रेडिओ त्यांच्याच वेळेला लावते आणि बाजारभाव ऐकते. मला काही विकायचं नाही की घ्यायचं नाही, पण घरात पुरुषाचा आवाज असला की भाजी लवकर चिरून होते.

तर झालं असं. सामाईक बागेतला ह्यांचा वाफा मी माझ्या नावावर करून घेतला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुधीचं बी धरायचं, धुऊन वाळवायचं आणि पत्र्याच्या डबीत ठेवायचं, हे काम ते कुणाला करू देत नसत. ती डबी मी या वर्षी उघडली आणि होतं नव्हतं तेवढं बी पेरून टाकलं. एका घराला दुधीचा एक वेल पुरून उरतो, असं वाचनालयातल्या पुस्तकात आहे. (ते पान मी पेरून झाल्यावर वाचलं. माझं सगळंच शिक्षण असं मागाहून झालेलं.) एकाही बीने दगा दिला नाही. वेल मांडव ओलांडून शेजारच्या वाफ्यात, शिंपीणबाईंच्या कांद्यांवर जाऊन बसले.

बागेच्या फाटकाशी एक फळी आहे. ज्याचं जास्त झालं त्याने तिथे ठेवावं, लागेल त्याने न्यावं, आणि संध्याकाळी उरेल ते ज्याचं त्याने परत न्यावं. मी सकाळी दुधी वाहून न्यायची आणि संध्याकाळी वाहून आणायची. त्यांना हवापालट झाला आणि माझी कंबर गेली. मग घरोघर द्यायला लागले. शिंपीणबाई म्हणाल्या, "काकू, तुमची चाहूल लागली की आमचे हे न्हाणीघरात जाऊन बसतात." तरी भिडेखातर त्यांनी एक ठेवून घेतला आणि झबलं घालून दुकानाच्या काचेत उभा केला. झबली बरी खपतात म्हणे. दुधीची चौकशी तिथेही कुणी केली नाही.

शेवटी मी बागेच्या चिटणिसांच्या स्कूटरची डिकी गाठली. (हे पूर्वी बसकंडक्टर होते. अजून माणसाकडे बघतात ते कुठे उतरणार विचारल्यासारखं.) दुसऱ्या दिवशी ते दुधी घेऊन हजर. "ताई, डिकीत वेल चढला कुठून?" आणि ज्याचे वेल शेजाऱ्याचं ऊन अडवतील त्याचा वाफा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा, हा नियम त्यांनी त्याच दिवशी बैठकीत वाचून दाखवला.

बैठक अवजारांच्या खोलीत, पालथ्या बादल्यांवर बसून. मी घरून भाषण तयार करून गेले होते, शब्दकोशातून काढलेले दोन जड शब्दही होते त्यात. चिटणिसांनी विचारलं, "इतके वेल लावलेत कशाला?" भाषण काही आठवेना. म्हटलं, "बी ह्यांच्या हातचं होतं. कुठलं पेरायचं आणि कुठलं मागे ठेवायचं, ते मला ठरवता येईना."

मग शिंपीणबाई म्हणाल्या, "माझा कांदा तसाही बारीकच येतो." चिटणिसांनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. "पुढच्या वेळी दोन वेल. तिसरा दिसला की वाफा गेला." जाताना प्रत्येकाने एकेक दुधी उचलला. दया येऊन नेला तरी त्याची भाजीच होणार, म्हणून मी कुणाला अडवलं नाही.

वाफा राहिला, वन्सं. सकाळी उठून जायला जागा राहिली. बाकी सर्व क्षेम.

तुमची,
भावजय

ता. क. सोबतच्या पाकिटात यंदा धरलेलं बी आहे. ते तुमच्या कपाटात कुलपात ठेवा आणि पेरणीला मला दोनच बिया पाठवा. मी जास्त मागेन, रडूनसुद्धा मागेन. तुम्ही थोरल्या आहात, हवं तर रागवा, पण देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट हलकं लागेल. थोडं बी मी डबीत ठेवलं आहे. पेरायला नाही; डबी हलवली तर वाजावी, एवढ्यासाठी.