मावशींची बरणी

सोमवार, ४ मार्च
अखेर बरण्या लागल्या! चार बरण्या. प्रत्येकीत चवळीचे शंभर दाणे आणि दहा जिवंत भुंगे. एकीत निलगिरी, एकीत पुदिना, एक नुसतीच – बिनपानाची. चौथीत ओव्याची पानं. ती प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींनी घरून आणलेली. "आमच्या बियाण्याला आजवर भोक नाही पडलं, मॅडम. तुमच्या भुंग्यांनाच विचारा." साहेब हसले. म्हणाले, लावा मावशींचीही बरणी. भुंगे निवडून भरायचं दिवसभराचं काम साहेबांनी दोन तासांत उरकायला लावलं. सांगणार कोण!

गुरुवार, ७ मार्च
नुसत्या बरणीत दाण्यादाण्यावर पांढरे ठिपके – अंडी. निलगिरीत कमी, पुदिन्यात त्याहून कमी. मावशींच्या बरणीत एकही नाही! भुंगे मात्र मजेत फिरतायत. उग्र वासानं अंडी कमी होतात, पार नाहीशी होत नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च
खोलीची किल्ली मावशींकडे असते. सगळ्यांच्या आधी येतात. आज दारात पोचले तर त्या आपली बरणी उजेडात धरून बघतायत. "हरले का हो तुमचे भुंगे?" दाणे बदलणं किती सोपं – मूठभर चवळी कुणाच्याही घरात निघते.

सोमवार, ११ मार्च
साहेब खुशीत. घरी बियाणं साठवणाऱ्या बायकांना हीच पानं वाटायची म्हणतात. पानं मावशीच पुरवणार. तरीच! आता कळलं पाणी कुठं मुरतंय. बायका या पानांच्या भरवशावर वर्षाचं बियाणं ठेवतील. पेरायच्या वेळी डब्यातून भुसा निघाला, तर?

मंगळवार, १२ मार्च
मावशींच्या बरणीतल्या पाच दाण्यांवर पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. कुणाला दिसणार नाहीत; दाणे बदलले तर मला कळेल.

बुधवार, १३ मार्च
खुणा जागच्या जागी. म्हणजे मावशी सावध झाल्या.

गुरुवार, १४ मार्च
सरळ विचारलं. "मावशी, बरणीला हात लावलात?"
"लावते की. धूळ काय तुम्ही पुसता?"
"उघडलीत का, ते विचारतेय. दाणे बदललेत का?"
झाडू थांबला. "एकवीस वर्षं इथं झाडते मी. एक टाचणी घरी नेली नाही. आता म्हातारपणी चवळीसाठी नाव घालवू?"
"पानं खपवायची असतील."
"खपवायची? साहेबांना म्हटलंय, हवी तेवढी तोडून न्या, फुकट! बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"
बाई! मॅडम नाही. आणि फुकट – हे मला ठाऊक नव्हतं. पण तक्रारीचा कागद सकाळीच साहेबांच्या टेबलावर ठेवून आले होते. परत आणायला गेले नाही. खरं कोण सांगतंय, कुणास ठाऊक.

शुक्रवार, १५ मार्च
साहेबांनी मावशींकडून किल्ली काढून घेतली. आता बाहेरचं आवार झाडतात. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. खोलीत तीन दिवसांची असावी इतकी धूळ, एकाच दिवसात! बरं वाटायला हवं होतं.

सोमवार, १८ मार्च
साहेब म्हणाले, "उद्या मुख्य ऑफिसातून माणूस येतोय. पुरावा दाखवा, मावशींना कामावरून कमी करू." पुरावा कसला? बरणी, दाणे, मेलेले भुंगे – जे आहे त्याचे फोटो काढायचे ठरवलं. मावशींच्या बरणीतले भुंगे भिंगाखाली घेतले. नराच्या मिशा कंगव्यासारख्या, मादीच्या साध्या. दर बरणीत पाच नर, पाच माद्या घालायच्या असतात, म्हणजे अंडी पडतात. पहिला नर निघाला. दुसराही. तिसराही. चार दिवे लावून पुन्हा पाहिलं. बाकीचे सकाळी बघेन.

मंगळवार, १९ मार्च
दहाही नर. बरणीत भुंगे भरले होते मी, एकटीनं. माणूस येऊन बसलाय.