आरपारचा वारा आणि ओग्न्यानचं लग्न

नेगोतिन, सर्बिया,
मिरच्या भाजण्याचे दिवस

तीर्थस्वरूप लेपोसावा मावशीस,

वितोमिरचा वाकून नमस्कार आणि आपल्या रीतीप्रमाणे गालांवर तीन मुके (तिसरा खुब्याच्या बाजूचा आहे, तेव्हा जरा जपून). खुबा आता कसा आहे? काठी टेकत का होईना, जिना उतरायला लागलीस असं ओग्न्यानकडून कळलं. व्हिएन्नाचे डॉक्टर तुला रोज चालायला लावतात आणि तू त्यांना हसतमुखाने आपल्या भाषेत शिव्या देतेस, हेही कळलं. ऐकून इथे सगळ्यांना हायसं वाटलं. इकडे आई ठीक, शेळी ठीक, डॅन्यूब होती तिथूनच वाहते आहे. फक्त माझा कॉम्प्युटर आजारी होता, आणि हे पत्र त्याच्या आजारपणाचं आहे.

तू रागावली आहेस हे मला ठाऊक आहे, मावशी. पोटच्या मुलाचं लग्न गावात व्हावं आणि आपण इस्पितळात छताकडे बघत पडावं, याचा राग कुणालाही येईल. पण बँडवाल्या तुतारीकरांची तारीख दोन उन्हाळे आधी ठरवलेली होती. ती हलली असती तर त्यांच्या पुढच्या तारखेपर्यंत ओग्न्यानला मुलंच झाली असती. हे आईने तुला फोनवर जरा रोखठोक सांगितलं (आईला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सांगता येत नाही) आणि तेव्हापासून तू तिच्याशी बोललेली नाहीस. ओग्न्यानला म्हणालीस म्हणे, "बहिणीला माझी जागा मिळाली ना, मिरवू दे तिला." आणि लग्नाची फिल्म मी जोडतो म्हणून मला फर्मावलंस, "वितो, एक माणूस कापायचा नाही. माझ्यावाचून कोण कोण नाचलं ते मला डोळ्यांनी बघायचंय." मी नाही कापलं. दुखणं सुरू झालं ते तिथूनच.

तसंही आपल्याकडे लग्नाच्या फिल्ममध्ये कुणाला कापायची सोय नाही. एखाद्याचा चुलता सूप पिताना वगळला गेला, की त्या घरात आपल्याला पुन्हा कॉफी विचारत नाहीत. त्यामुळे लग्न जेवढं लांब, तेवढीच फिल्म लांब. त्यात कॅमेरे तीन आणि वरून घिरट्या घालणारं ड्रोन. शिवाय ओग्न्यानला कबुतरं हवी होती, नवरीला पाकळ्या हव्या होत्या, आणि दोघांनाही सगळं संथ गतीत हवं होतं. संथ गती त्यांना मिळाली, पण माझ्याकडून नाही, कॉम्प्युटरकडूनच. चित्र जोडायचं सॉफ्टवेअर उघडलं की बँड पुढे वाजत जायचा आणि माणसांचे पाय मागून, सावकाश, विचार करत यायचे. पुढे बँडही बंद पडायचा, आणि चित्र बरोबर एकाच जागी थिजायचं: अक्रोडाच्या झाडाखाली, कोलो नाचाचा फेर वळतो तिथे.

त्या फेराचं तुझ्या कानावर आलंच असेल. फेराच्या तोंडाशी नवऱ्याची आई असायची. ती नव्हती, म्हणून सगळ्यांनी माझ्या आईला पुढे ढकललं, आणि तो फेर असा भरकटला की अक्रोडाला वळसा घालून थेट शेजारच्या चेदाच्या मिरच्यांच्या वाफ्यात शिरला. तुतारीकर मागोमाग. वाफा झोपला. "पेर्सिदाला जास्त झाली," असं आईबद्दल सगळं गाव म्हणालं. आईसुद्धा म्हणाली, "हो, झाली जरा." ओग्न्यान सांगतो, हे ऐकून तू फोन ठेवून दिलास.

तर दुखण्यावर उपचार सुरू झाले. इंटरनेटवर याच दुखण्याची माणसं जगभर आहेत, आणि त्यांच्या गप्पा ऐकल्या की आपण एकटे नाही असं वाटून कॉम्प्युटर सोडून आपल्यालाच बरं वाटतं. कुणी म्हणालं, जड चित्रांच्या हलक्या प्रती बनव आणि त्यांवर काम कर. बनवल्या. कुणी म्हणालं, तात्पुरत्या फायलींचा गाळ उपस. उपसला. सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर हलवल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं, कबुतरं उडवून लावली (ओग्न्यानला सांगू नकोस). काही फरक नाही. सकाळी स्वारी तरतरीत असायची आणि जेवणवेळेपर्यंत पुन्हा तेच, "प्रतिसाद देत नाही." मग चेदाला बोलावलं. तो बाजारात मोबाइल दुरुस्त करतो आणि त्याच दुकानात भाजीची रोपं विकतो. वाफ्याचा राग अजून होताच. पडद्याकडे बघून म्हणाला, "तुझी मावशी असती तर माझ्या मिरच्या वाचल्या असत्या." मग नाक फुरफुरवून म्हणाला, "वितो, याला जळक्या आलुबुखाराचा वास का येतोय?" मी म्हटलं, शेजारी कुणीतरी राकियाची भट्टी लावली असेल. त्याला ते पटलं, मलाही पटलं.

खरं सांगू का, मावशी? या साऱ्यात मला वाईट कमी वाटायचं आणि गुंगी जास्त यायची. आईने खिडक्या बंद केलेल्या, खोली उबदार, बाहेरच्या अंगणातल्या चुलीवर भाजणाऱ्या मिरच्यांचा वास फटींतून आत येणारा. समोर ती आपली सगळी माणसं एक पाय हवेत धरून उभी. बँडवाल्याचे गाल फुगलेले. मध्येच उडालेली पाकळी कुठेही न पडता तिथेच. मी बघत बसायचो आणि डोळा लागायचा. स्वप्नात तो फेर मिरच्यांतून नदीकडे निघायचा, पाण्यावरून अलगद वर, प्रवाहाच्या उलट, व्हिएन्नाच्या दिशेने. जाग यायची तेव्हा आई शेजारच्या खुर्चीत असायची. मांडीवर परात, परातीत भाजलेल्या मिरच्या. ती साल काढत त्या थिजलेल्या चित्राकडे बघत असायची. मला वाटायचं, नव्या रुमालात आपण कशा दिसतो ते बघते आहे.

उलगडा झाला तो एका वायरमुळे. डिस्कची वायर टेबलामागे पडली, ती काढायला मी रांगत आत शिरलो, आणि बघतो तर काय, कॉम्प्युटरच्या डब्याने जाकीट घातलेलं! तू विणून पाठवलेलं ते बिनबाह्यांचं लोकरीचं, दुहेरी विणीचं. गुंड्या लावलेल्या. मागच्या जाळीत टॉवेलची घट्ट गुंडाळी. (डोक्यावर क्रोशाचा रुमाल होता, पण तो पहिल्यापासूनच होता. आपल्या घरात ज्याला सपाट डोकं आहे त्याला रुमाल असतोच, त्यामुळे तो कधी डोळ्यांत भरला नाही.) मी तिथूनच ओरडलो.

"आई! हे काय आहे?"

"हात लावू नकोस! मागून वारा येतो त्याच्या. आत कुठेतरी फट आहे."

"अगं, फट नाही, पंखे आहेत ते. त्याला थंड करायला ठेवलेत."

"दिवसभर? घामेजल्या अंगावर? समोरून वारा, मागून वारा, आरपार! आणि मग म्हणतोस काम का करत नाही. मी हात लावून बघितलं, वितो. ताप आहे त्याला."

"तू पांघरूण घातलंस म्हणून ताप आहे!"

"ताप होता म्हणून पांघरूण घातलं. तुझ्या वडिलांनीही असाच वाद घातला होता, आणि मग महिनाभर कंबर धरून बसले होते."

पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. डबा तापला की आतला मेंदू स्वतःहून सावकाश चालायचा. तो सावकाश चालला की आई त्याला हात लावून बघायची, आणि अजून एक गुंडी लावायची. रोज सकाळी राकियात भिजवलेल्या फडक्याने त्याची पाठही चोळायची, तापावर आपण चोळतो तशी. त्यामुळे त्या वासाबद्दल चेदाचं नाक बरोबर होतं.

मी जाकीट काढलं, टॉवेल उपसला आणि आई शेळीकडे गेलेली बघून दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. मावशी, तो कॉम्प्युटर असा पळाला! अक्रोडाखालून फेर न अडखळता वळला, वाफ्यात शिरला, आणि बघता बघता लग्न संपलं. मला मात्र क्षणभर सुनं सुनं वाटलं. फिल्म ओग्न्यानबरोबर पाठवतो आहे, सोबत आईने त्या भाजलेल्या मिरच्यांच्या केलेल्या ऐवारच्या बरण्या. बरण्या कुणाच्या हे तुला सांगायचं नाही असं आईने सांगितलं आहे.

तुझ्या खुब्याला आणि रागाला लवकर उतार पडो.

तुझा भाचा,
वितोमिर

ता. क. एक विनंती आहे, खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. आई जगात फक्त थोरल्या बहिणीचं ऐकते. तेव्हा तिला एकदा फोन करून सांग की कॉम्प्युटरला वारा बाधत नाही. हिवाळा तोंडावर आला आहे, आणि काल प्रिंटरच्या मापाची टोपी विणताना मी तिला बघितलं.

दुसरा ता. क. वरची विनंती जरा जपून कर. त्या उघड्या खिडक्यांमध्ये बसून माझी मान धरली आहे. डावीकडे वळत नाही. आईने नुसतं राकियाने चोळलं आणि तेच जाकीट मला घातलं. गुंड्यांसकट. हे त्यातच बसून लिहितो आहे, आणि कबूल करायला हरकत नाही, बरं वाटतंय.

तिसरा ता. क. मान धरल्यामुळे उजवीकडेच बघत बसलो होतो, म्हणून हे दिसलं. अक्रोडाखालचं ड्रोनचं चित्र मोठं करून बघितलं. मावशी, आई फेराच्या तोंडाशी नाहीच. ती दुसऱ्या जागी आहे, पहिली रिकामी. डावा हात ओग्न्यानच्या हातात, आणि उजवा पुढे पसरलेला. त्यात कुणाचा हात नाही, पण बोटं मिटलेली आहेत, धरल्यासारखी. मध्ये चेदा ती जागा घ्यायला आला, तर तिने त्याला पाठीत धपाटा घातला आहे (तोही कापलेला नाही). फेराला तोंडच नव्हतं, म्हणून तो मिरच्यांत शिरला. आईला एक थेंबही जास्त झाली नव्हती.

तेव्हा फिल्म बघताना अक्रोडाखाली चित्र थांबलं, तर तिथल्या कुठल्या दुरुस्तीवाल्याला बोलावू नकोस. काही अडकलेलं नाही. ते मी थांबवलं आहे, तुझं बघून होईल इतका वेळ. मग आईला फोन कर, त्या जाकिटाबद्दल.