शुद्ध व्हायला दोन पाखरं

माय, तुझाच रोग आता मला निघालाय. डाव्या कोपराखाली फिकट चट्टा आहे, टाचणी टोचली तरी कळत नाही, आणि त्या हाताची दोन बोटं बधिर झालीत. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीहून लहान. म्हणाली, "घाबरू नका अम्मा, वर्षभर गोळ्या घ्या. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला लागत नाही." मी म्हटलं, "घाबरायचं वय गेलं पोरी, गोळी जेवणाआधी की नंतर तेवढं सांग." बाहेर बाकावर बसले आणि तुझी आठवण आली. प्रेमानं आली असं खोटं लिहिणार नाही, आधी रागच आला. तुझं ताट वेगळं ठेवलं, तांब्या वेगळा ठेवला, तुझी वाकळ काठीनं उचलली, एवढं करूनही रोग आलाच. डॉक्टरीण म्हणते तो तुझ्यापासूनच आला असं काही नाही, कुठूनही येतो. म्हणजे ते सगळं केलं ते फुकटच केलं.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. मी आता कुकटपल्लीला पोराच्या फ्लॅटमध्ये राहते. नात बाळंतपणाला आलीय, तिचं लेकरू दीड महिन्याचं आहे. सून रोज म्हणते, "आत्याबाई, तुम्हीच न्हाऊ घाला ना, तुमच्यासारखी मालिश कुणाला येते?" मी म्हणते, माझे हात दुखतात, बाई लाव. तिनं बाई लावली. मी माझं ताट मीच घासते, वेगळं पालथं घालते. सुनेला वाटतं म्हातारी सोवळी झाली. परवा नात म्हणाली, "आजी, सीरियसली, तुला हा आवडत नाही का? एकदा पण घेतलं नाहीस." मी म्हटलं, "नाक तुझ्या नवऱ्याचं घेतलंय त्यानं, बघवत नाही." ती हसली, पण डोळे भरले तिचे. डॉक्टरणीला मी सरळ विचारलं होतं, लेकरू घेऊ का म्हणून. घ्या म्हणाली, खुशाल घ्या. तरी घेत नाही. का घेत नाही ते या घरात कुणाला कळायचं नाही, तुला कळेल.

तू मिशनच्या महारोग्यांच्या दवाखान्यात सहा वर्षं काढलीस. बापानं तुला तिथं सोडलं आणि परत तोंड दाखवलं नाही. मग एक दिवस बरी झाल्याचा कागद घेऊन अंबरपेठेत माझ्या दारात उभी राहिलीस. बोटं आखडलेली, आणि डोक्यात त्यांचं शास्त्र. तिथल्या प्रार्थनाघरात सिस्टरबाई रोज वाचून दाखवायची, हे जुन्या करारातलं, यहुद्यांचं, हे नव्यातलं, येशूचं. देव किती शिरला तुझ्यात कुणास ठाऊक, पाखरं मात्र सगळी शिरली. अंगणातल्या पत्र्याखाली तू बसायचीस, मी उंबऱ्याच्या आत भाकरी थापायची, आणि तुझं चालायचं. प्रलय आला तेव्हा नोहानं तारवातून आधी कावळा सोडला, मग पारवी. पारवीनं जैतुनाचं पान आणलं ते सगळ्यांना आठवतं. मी विचारलं, कावळ्याचं काय झालं? तू म्हणालीस, "तो पाणी आटेपर्यंत बाहेरच घिरट्या घालत राहिला. पारवीला नोहानं हात बाहेर काढून आत घेतलं. कावळ्यासाठी हात काढल्याचं लिहिलेलं नाही." आणि त्यांच्या नियमात कावळा अशुद्ध, तरी दुष्काळात एलिया नावाच्या त्यांच्या संदेष्ट्याला त्याच कावळ्यांनी भाकरी आणि मांस आणून जगवलं. "त्यानं अशुद्ध चोचीतलं खाल्लं," तू म्हणालीस, "आणि तू माझ्या हातचं पाणी पीत नाहीस." मी तवा आपटला. चिमणीची गोष्ट तर तुझी फार आवडती. बाजारात कवडीमोलानं विकतात, पण एकही देवाला कळल्याशिवाय जमिनीवर पडत नाही. मी म्हटलं, "कळतं ना त्याला? मग झेलत का नाही?" तू म्हणालीस, "ते सिस्टरबाईला विचारायचं राहिलं."

आणि मग ती दोन पाखरं. जुन्या करारात आहे म्हणालीस, महारोगी बरा झाला की याजकानं, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्यानं, दोन जिवंत पाखरं मागवायची. एक मातीच्या भांड्यात, वाहत्या पाण्यावर कापायचं. दुसरं त्याच्या रक्तात बुडवायचं, ते रक्त रोग्यावर सात वेळा शिंपडायचं, आणि त्या दुसऱ्याला उघड्यावर सोडून द्यायचं. मग तो माणूस शुद्ध. त्याला वस्तीत घ्यायचं.

"डॉक्टरचा कागद आहे ना तुझ्याकडं?" मी म्हटलं.

"कागदावर तू मला आत घेतलंस का?"

"तो जुना नियम झाला. तुझ्या येशूनं तर नुसता हात लावून महारोग्याला बरं केलं म्हणतेस."

"हो, त्यानं हात लावला. तू लावतेस?" मी तव्यावरची भाकरी उलटली. मग तूच म्हणालीस, "बरं केल्यावर त्यानंही सांगितलंच, जा, याजकाला दाखव आणि नेमून दिलेलं दे म्हणून."

हात पदरात गुंडाळून तू एकटी जुन्या शहरात गेलीस आणि पिंजऱ्यातून दोन लाल मुनिया आणल्यास. वाहतं पाणी म्हणजे आपला अंगणातला नळ, तीन बिऱ्हाडांचा. मातीचं गाडगं आणलंस. शास्त्रात लागतो तो किरमिजी धागा म्हणून लाल दोरा, देवदार म्हणून खोक्याची फळी, आणि एजोब नावाचं कुठलं झाड लागतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गजऱ्यातल्या मरव्याची काडी. मला त्या वेळी हसू आलं होतं. आता येत नाही. जिन्यावर घरमालकीण उभी राहून तेलुगूत बडबडत होती, नळ बाटवला म्हणून. तू एक मुनिया कापलीस, नीट नाही कापता आली. दुसरी पिंजऱ्यातून काढलीस आणि माझ्याकडं बघितलंस.

"हिला तू धर. याजक आता कुठून आणू? तूच याजक. माझ्या बोटांना कळत नाही गं."

मी उंबऱ्यावरच उभी. म्हटलं, "माझं लेकरू अंगावर पितंय. मी नाही हात लावणार."

पाणी जायची वेळ झाली होती, धार बारीक होत चालली होती. तू ती तशीच मुठीत घेतलीस, गाडग्यात बुडवलीस, मरव्याच्या काडीनं स्वतःच्याच अंगावर सात वेळा शिंपडलंस, मोठ्यानं मोजत. मग अंगणाच्या मधोमध गेलीस, हात वर केलास आणि मूठ उघडलीस. ती उडाली नाही. तळहातावर मान टाकून पडली होती. सुटू नये म्हणून तू किती दाबलंस ते तुझ्या हाताला कळलंच नव्हतं. तू पुन्हा एकदा हात वर केलास, झटकलास. घरमालकीण हसली. तू माझ्याकडं वळून विचारलंस, "आता गं?" आणि मी म्हटलं, "आता काय, धू तो नळ."

त्या दिवसानंतर तू पाखराचं नाव काढलं नाहीस. दोन वर्षं पत्र्याखाली राहिलीस आणि तिथंच गेलीस. उचलायला मिशनची माणसं आली. मी नंतर पुष्कळ वेळा मनात तुझ्याशी भांडलेय. समज, ती उडाली असती. रक्तानं माखलेली ती थव्यात गेली असती तर थव्यानं तिला घेतलं असतं का? शास्त्रात ते लिहिलंय का? सोडून देतात तिथंच गोष्ट संपते त्यांची.

आता माझा हात तसा झालाय. परवा दुधाचं पातेलं चिमट्याशिवाय उतरवलं, फोड आला तो संध्याकाळी दिसला. त्या लेकराचं मनगट माझ्या अंगठ्याएवढं आहे. डॉक्टरीण रोगाचं सांगते, मुठीचं तिला काय ठाऊक? नात येत्या रविवारी सासरी जाते, तिथून नवऱ्याकडं परदेशात. ती परत येईपर्यंत मी असेन असं मला वाटत नाही. सांगून टाकलं तर लेकरू घेता येईल, कुणी खालून हात लावेल, हेही सुचतं. पण सुनेच्या तोंडावर काय येईल ते मला पाठ आहे. तेच माझ्या तोंडावर होतं.

हे नातीच्या जुन्या वहीत लिहितेय. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर कसं असणार, पण या घरात मराठी धड कुणाला वाचता येत नाही, म्हणून खरं लिहिता येतं. पाठवायचं तर कुठं, तुला धड कबरही नाही. वही गोधड्यांच्या पेटीत तळाला घालीन.

एक राहिलं. तू यायच्या आधी मिशनचा डॉक्टर माझ्याकडं येऊन गेला होता. तुझा रोग संपलाय, कुणाला लागायचा नाही, असं त्यानं मला दोनदा समजावून सांगितलं होतं, आणि मला ते पटलंही होतं. मुनिया धरायला मी भ्याले नव्हते, माय. ती उडाली असती तर तुला आत घ्यावं लागलं असतं.