राजेसाहेबांची सफरचंदं

सोमवार, ३ जून

फिजिओकडे पुन्हा तेच! शेजारच्या खुर्चीतल्या राजेसाहेबांची टोपली पडद्यावर सफरचंदांनी शिगोशीग, माझी रिकामी. डोळ्यांवर व्यायामाच्या खेळाचा तो डबा चढवला की समोर झाड दिसतं, आपला हात दिसतो. सफरचंद तोडायचं, टोपलीत टाकायचं. बोटं नीट टेकली तर हातमोजा थरथरतो. त्यांचा सारखा थरथरतो. माझा ढिम्म.

राजेसाहेब हे नाव मी ठेवलंय. खरं म्हणजे बस चालवायचे. अर्धांगाचा झटका दोघांनाही आला, उजवा हात दोघांचाही गेला. मग कौतुक एकट्यालाच का?

मंगळवार, ४ जून

डाव्या हाताने लिहितेय – नुसते कोंबडीचे पाय. आणि तिकडे पार्लरमध्ये पुतणी माझ्या खुर्चीमागे उभी राहून केस कापतेय! गिऱ्हाइकं म्हणे खूश आहेत. "हिचा हात हलका आहे." असेल! पावसाळा संपेपर्यंत मला कात्री धरता आली नाही, तर पार्लर तिचंच झालं म्हणायचं.

गुरुवार, ६ जून

राजेसाहेब बायकोला फोनवर सांगत होते, "आज परत सगळी तोडली!" सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. वर मला म्हणाले, "ताई, तुमचंही येईल हळूहळू." अंगाचा नुसता तिळपापड झाला. दया कसली करता!

शुक्रवार, ७ जून

घरी आल्यावर यांनी विचारलं, "आज कसं झालं?" उशी फेकली. नेम चुकला.

सोमवार, १० जून

राजेसाहेब आले नव्हते. फिजिओला गाठलं. म्हटलं, "त्यांचा खेळ मला लाव."

"काकू, नको."

"का? मी काय सावत्र आहे?"

लावला बिचारीने. आणि काय सांगू! पहिलं सफरचंद टोपलीत, दुसरं टोपलीत, मोजा थरथरतोय, मी लहान मुलीसारखी ओरडतेय. तेवढ्यात नाक खाजलं. डबा वर सरकवला तर माझा हात अर्ध्यातच लोंबकळत होता. कोपरसुद्धा धड उघडलेलं नव्हतं. आत मात्र टोपली भरलेली!

"ज्यांचा हात पोचत नाही, त्यांचा चित्रातला हात मशीन पुढे नेतं," फिजिओ म्हणाली. "मोजाही तेच थरथरवतं. नाहीतर माणूस कंटाळून हात हलवायचंच सोडतो. तुमची मदत मी कधीच काढून घेतली, काकू. उलट तुमची बारीकशी चूकही मोठी करून दाखवते, म्हणजे हात सुधारतो. या वेगाने कात्री नक्की धराल."

"आणि हे त्यांना ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. विसरलेत बहुतेक."

खोटं कशाला बोलू, आनंदाने जेवणच जात नव्हतं. त्यांची दया मग आली. जराशी.

मंगळवार, ११ जून

राजेसाहेबांची टोपली आज पुन्हा भरली. त्यांचं मन राखायला म्हणून वाहवा करायला गेले. ते हसले. "राहू द्या ताई. ती सफरचंदं मशीनच तोडतं, माहितीय मला. पण तिथे तरी हात पोचतो ना माझा! मधूनच डबा वर सरकवून तुमचा खराखुरा हात बघत बसतो. माझ्याहून काय वर जातो हो तो! जळतो मी तुमच्यावर."