धूर सरळच होता

कार्तिक वद्य, शनिवार. योकोहामा

जपानात पहिल्यांदा रॉकबिली, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं रॉक संगीत, वाजवणाऱ्यांपैकी एक, केंजी-सान, यंदा वारले. त्यांच्यावर लेख लिहायचाय, म्हणून आज त्यांच्या पत्नी मिचिको-सान यांच्याबरोबर थडग्यावर गेलो. थडग्यामागे इथल्या रीतीप्रमाणे उंच लाकडी फळ्या, त्यांवर जुन्या लिपीतलं संस्कृत. परदेशात माझ्या संस्कृतला गिऱ्हाईक मिळालं ते असं, स्मशानात.

"हे खरंच गेलेत ना? तसं लिहिलंय का?" मिचिको-साननी विचारलं. केंजी-सान गेल्याची खात्री पटली तरच त्यांचा बास, ते माणसाएवढं तंतुवाद्य, विकून त्या लेकीकडे राहायला जाणार.

लिहिलं होतं नुसतं एक बीजाक्षर. मी म्हणालो, "हो, सुखरूप पोचले."

तेवढ्यात फळ्या खडखडल्या. केंजी-सानच्या रेकॉर्डवरचाच तो बासचा आडवा ठोका. वारा असणार. पण उदबत्तीचा धूर तर सरळ वर जात होता.

मिचिको-साननी फळ्यांवर तळवा ठेवला, वाजती तार थांबवतात तसा. "पुरे हं. शेजारी झोपलेत."

खडखड थांबली.

"तुमचं संस्कृत कच्चं आहे," त्या हसून मला म्हणाल्या. "बास राहू दे घरातच."

वाराच असेल. मग धूर कसा हलला नाही?

लेखात केंजी-सानच्या नावाआधी 'कै.' लिहिलं होतं. आत्ताच खोडलं.